ऐनाला बांधलेला दोर

१

दोर झाडाला नव्हता, खाली डोहात पडला होता.

पांढरझरीच्या नाल्याचं पाणी जिथे एकदम खाली कोसळतं, तिथे कड्यावर एक जुनं ऐनाचं झाड आहे. पावसाळा लागला की हर्षाची माणसं त्या झाडाला अंगठ्याएवढा जाड दोर वेढे देऊन बांधतात. मग मोसम संपेपर्यंत तो तिथेच असतो. रोज येणाऱ्या पर्यटकांचे दोर या जाड दोरात अडकवायचे आणि एकेकाला धबधब्याच्या अंगाने खाली सोडायचं. याला म्हणे कॅन्यनिंग म्हणतात. आमच्या लहानपणी याला घसरून पडणं म्हणत, आणि ते टाळण्याकडे लोकांचा कल असे.

मी भय्याजी. हर्षाचा सख्खा मामा. भंडाऱ्याला राहतो. उभी हयात विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात गेली. जळालेले गोठे पाहिले, बुडालेले ट्रॅक्टर पाहिले. मेलेली म्हैस खरंच विमा उतरवलेलीच आहे की शेजाऱ्याची, हेही पाहिलं. त्यामुळे समोरचा माणूस खोटं कुठे बोलतो ते मला समजतं, असा माझा समज आहे. बायकोचा नाही.

त्या दिवशी हर्षाने मला मुद्दाम बोलावलं होतं. तिची दिवसभराची साहस सहल आहे. सकाळी बावनथडी नदीत रबरी नावेतून राफ्टिंग, दुपारी या नाल्यात उतरणं, आणि संध्याकाळी चिखल्याकडच्या एका जुन्या खदानीवरून तारेला लटकून पलीकडे जाणं, म्हणजे झिपलाइन. आज नागपूरहून परवानगीवाले साहेब आले होते. ते स्वतः सगळं करून बघणार आणि मग पुढल्या वर्षाची परवानगी ठरणार. सकाळी ते इतर पर्यटकांबरोबर नावेत बसले. नाव चालवायला रीना नावाची हुशार पोरगी होती. मला नावेत बसायचा आग्रह झाला, तेव्हा माझे गुडघे एकदम दुखायला लागले. म्हणून मी हर्षासोबत जीपने सरळ नाल्यावर आलो.

तिथे अमर उभा होता. अमर म्हणजे हर्षाचा मुख्य गाइड, दोराचं सगळं काम त्याच्याकडे. पोरगा मूळचा मोहाडीकडचा, बोलायला कमी. तो हर्षाच्या आधी वर पोचला होता आणि कड्यावरून खाली डोहात पाहत होता.

"दोर कापला कोणी?" मी विचारलं.

"कापला नाही, मामा," हर्षा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि ती शांत झाली की मला भीती वाटते. तिची आईही अशीच होती. "गाठ सोडली आहे. कापला असता तर झाडाले तुकडा राहिला असता. भिजून भिजून दगड झाली होती ती. जो बांधते त्यालेच ती सोडता येते."

अमरने मान वर केली. "ताई, मी कायले सोडीन?"

"काल संध्याकाळी तूच म्हणत होता ना, नाल्याले पाणी जास्त आहे, उद्या उतरवू नका म्हणून? मी नाही ऐकलं. मंग तू आपल्या हातानं बंद केलं."

"मी बोललो ते तुमच्या तोंडावर बोललो. असं मागून कायले करू?"

"मले माहीत नाही. साहेब जेवून वर येतील. त्यांच्यापासून मी काही लपवणार नाही. दोर कोणी सोडला ते सांगीन."

अमरचा चेहरा उतरला. उतरेल नाही तर काय? दोर धरणाऱ्या माणसावर दोर सोडल्याचा आळ आला, तर त्याला पुन्हा कोण जवळ उभं करणार? पचमढीपासून पार कोकणापर्यंत या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. पोराचं नाव गेलं की गेलं.

"हर्षा," मी म्हटलं, "त्यांची जेवणं होईपर्यंत मले वेळ दे."

"घ्या ना. पण मी काही हातावर हात ठेवून बसत नाही. ड्रायव्हर गोलूले जीप घेऊन पाठवते, कॅम्पातून दुसरा दोर आणते आणि बांधते याच झाडाले. रोजच्यासारखी, साहेबांच्या समोर पयली मीच उतरीन."

२

झाड मी नीट पाहून घेतलं. खोडावर कमरेच्या उंचीवर एक चामडी म्यान ठोकलेलं होतं आणि त्यात चाकू होता. उतरताना कोणी दोरात अडकलं तर कापून मोकळं करायला तो असतो. हात लांबवला की मिळेल असा. धार मी अंगठ्याने पाहिली आणि पाहिल्याबद्दल पस्तावलो.

झाडाच्या वरच्या अंगाला रायमुनियाची काटेरी झुडपं माजली होती. त्यांच्या आड, अगदी खोडाला चिकटून, गुडघ्याएवढं वारूळ होतं. त्याच्यासमोर चार लाह्या, हळदकुंकू, आणि ओल्या मातीवर दुधाचा पांढरा ओघळ.

"आज नागपंचमी ना," हर्षा मागून म्हणाली. "बाया येऊन गेल्या असतील."

मी मान हलवली आणि बाजूच्या पायवाटेने डोहाकडे उतरलो. म्हणजे अमरने मला उतरवलं. निसरड्या खडकावर त्याने माझा हात धरला, तेव्हा त्याच्या हाताला कांद्याचा वास आला.

"हे काय रे, सकाळपासून कांदाच चिरून राहिला का?"

"तुमीच खाल्ले ना नदीवर पोहे," तो म्हणाला. "स्वयंपाकवाल्या राखीबाईले यायला उशीर झाला. घमेलंभर कांदा मीच चिरला."

खाल्ले होते खरे. वर तर्री, आणि दोनदा घेतले होते.

पाण्यात शिरून त्याने दोर बाहेर ओढला. मी खडकावर बसून तो हातात घेतला. दोर धडधाकट होता. फक्त जिथे गाठ होती तेवढ्या भागात पीळ जागोजागी उसवल्यासारखा दिसत होता, काहीतरी टोकदार घालून घालून गाठ सैल केल्यासारखा. एका भोकात एक बारीक, खरखरीत तंतू अडकला होता. मी तो चिमटीने ओढून काढला. तागाचा होता.

"अमर, गाठ सोडायला तू काय वापरतो?"

त्याने कमरेची लोखंडी कडी दाखवली. "ही घालून पिळतो. यानं असं बारीक भोक नाही पडत."

"मंग हे सांग. तुले हा दोर लपवायचा असता तर डोहात टाकला असता?"

"काहून टाकीन? पाणी आटलं की वर येते. आणि मी सोडला असता तर सोडलेला ठेवला असता का? कापून ठेवला असता. मंग कोनावरही नाव गेलं असतं." त्याने ओली बाही पिळली. "भय्याजी, मले ताईचा राग नाही. त्यांचं सारं यात गुंतलं आहे. पन मी उद्या घरी गेलो आणि बापानं विचारलं काहून आला, तर काय सांगू?"

तंतू मी रुमालात बांधला आणि त्याला डोहापाशीच थांबायला सांगितलं. खाली उतरणाऱ्या माणसाला डोहातून काढायला तिथे कोणीतरी लागतंच, आणि हर्षाने त्याला वर येऊ दिलं नसतं.

३

हर्षाचा धंदा बंद पडावा असं वाटणारा एक माणूस तर मला लगेच आठवला. भूपेंद्र. गोसीखुर्दच्या जलाशयात त्याच्या मोटारबोटी चालतात. आता त्याला इकडेही पाय पसरायचे होते.

तो नाल्याकडे वळणाऱ्या फाट्यावरच सापडला. शर्ट काढून, लोखंडी सब्बलने खड्डा खणत होता. बाजूला त्याच्या नावाचा भला मोठा बोर्ड आडवा पडला होता. एक खड्डा झाला होता, दुसरा चालू होता.

"या काका," तो म्हणाला. "तुमच्या भाचीचा दोर गेला म्हणे. गोलू जीप घेऊन गेला इथून, त्यानं सांगतलं."

"तुले आनंद झाला असेल."

"झाला ना. खोटं कायले बोलू?" त्याने घाम पुसला. "अमरले मी दोनदा माह्याकडे बोलावलं. येत नाही. म्हणते, ताईनं शिकवलं. आता ताईच हाकलते म्हणल्यावर येईन."

"दोर तू सोडला का?"

तो मनापासून हसला. "काका, मी सोडत बसलो असतो का? तिथं चाकू टांगून आहे. एक झटका मारला असता आणि चहा प्यायला गेलो असतो. इतका वेळ कोनापाशी आहे?"

हे त्याने मस्करीत म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते काट्यासारखं रुतलं. खरंच, इतका वेळ कोणापाशी आहे? दगड झालेली गाठ, आणि हाताशी धारदार चाकू. कोणता शहाणा माणूस तिथे बसून टोकदार काहीतरी घालून घालून गाठ सोडवेल?

४

फाट्यावरून कॅम्पाकडे जाताना केशवरावांची शेती लागते. नाल्याकडे जाणारी पायवाट त्यांच्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाते. पर्यटकांच्या बुटांनी धुरा खचतो म्हणून हर्षाशी त्यांचं भांडण झालेलं सगळ्या गावाला माहीत होतं.

धानाच्या रोवणीचे दिवस. बांधीच्या खाचरात पाणी भरलेलं, पऱ्ह्याच्या रोपांच्या पेंढ्या काठावर पडलेल्या. आणि केशवराव धुऱ्यावर छत्री टेकवून नुसते बसले होते. बांधीत एक माणूस नव्हता.

"काय केशवराव, मजूर नाही मिळाले का?"

"मजुराले काय झालं? आज नागपंचमी हाय ना, भय्याजी. आज चिखलात हात नाही घालत. नाग जमिनीत असते. नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही. घरात साधी मिरचीही चिरत नाही आज. तुमचं भंडाऱ्यात सुटलं वाटते सारं."

सुटलं नव्हतं. आमच्या घरीही आज तवा चढत नाही. मी बाहेर पोहे खाऊन आलो होतो, एवढंच.

"नाल्यावरचा दोर कोणीतरी सोडला," मी सांगितलं.

"समजलं. माह्यावर नाव घालाले आले का? घाला. पन मले बंद करायचं असतं तर मी माह्या धुऱ्यावर बोराटीचे काटे टाकले असते. सपलं. या गुडघ्यानं वर कोन चढते? माह्ये तर तुमच्याहून वाईट हायेत."

यात तथ्य होतं. मी आणखी एक गोष्ट विचारली. "पूजेले गावातल्या बाया वरच्या वारुळाले गेल्या होत्या का?"

"वर? कायले? साऱ्या मारुतीमागच्या वारुळाले जातात. माह्या घरची शकुनबाईही तिथूनच आली. वर नाल्यावर तर वारूळ हाय हेच कोनाले माहीत नसन."

मी छत्रीच्या सावलीत त्यांच्या शेजारी बसलो. माझं काम असं, की पळापळीने डोकं चालत नाही, बसल्याने चालतं.

चाकू हाताशी असून ज्याने कापलं नाही, त्याला घाई नव्हती असं नाही. त्याला आज कापायचं नव्हतं. नागपंचमी पाळणारा माणूस आज धारेला हात लावत नाही. मग तो दोर असो की मिरची. अमरने तर घमेलंभर कांदा चिरला होता. ज्या हाताने सकाळी कांदा चिरला, तो हात चाकूपाशी कशाला अडेल? भूपेंद्र तर भर नागपंचमीला सब्बलने जमीन खणत होता. त्याला नागाचं काय पडलंय? आणि केशवराव पाळतात खरे, पण त्यांचे गुडघे आणि त्यांचे काटे दोन्ही खरे होते.

मग राहिलं कोण? नागपंचमी पाळणारी व्यक्ती. जिच्याकडे तागाचा तंतू लागलेलं टोकदार काहीतरी आहे. आणि गावातल्या साऱ्या बाया जिथे जातात ते वारूळ सोडून जी एवढी वर पूजेला चढली. मी उठलो. उठताना गुडघे वाजले, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

५

कॅम्पाचं स्वयंपाकघर म्हणजे हर्षाच्या सासरचंच घर. मागच्या पडवीत चुली, पुढे पर्यटकांसाठी बाकडी. राखी नावाची बाई स्वयंपाक करते आणि हर्षाच्या सासूबाई, सुलोचनाबाई, सगळ्यावर नजर ठेवतात. त्या पडवीत बसून तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवत होत्या. हातात दाभण, दाभणात तागाची सुतळी.

माझी नजर दाभणावर गेली आणि मी ती काढून घेतली.

"या भय्याजी," त्या म्हणाल्या. "राखी, पाव्हन्याले कानोले दे. उकडलेले हायेत, आज तेच."

कानोले खात मी मागचं अंगण पाहत होतो. तिथे एके ठिकाणी जमीन राखाडी, उजाड होती. पूर्वी तिथे मोठं वारूळ होतं. हर्षाच्या लग्नात मी स्वतः ते पाहिलं होतं. सुलोचनाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून दर नागपंचमीला त्याचीच पूजा करायच्या. उन्हाळ्यात वाळवी घरात शिरली, नावांची वल्ही आणि लाकडी मांडण्या खाऊ लागली. हर्षाने पावडर आणली, सब्बल लावून वारूळ मुळापासून खणून काढलं. तेव्हापासून सासू-सून बोलत नव्हत्या. दोघींना एकमेकींना काही सांगायचं असलं की ते राखीला सांगत, आणि राखी मधल्या मध्ये टेलिफोन होऊन बसली होती. हर्षाचा नवरा सूरज चिखल्याच्या खाणीत कामाला. तो सुटीला घरी आला की दोन्ही बाजूंनी ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आनंदाने जायचा.

"विहीणबाई," मी म्हटलं, "यंदा पूजा कोणत्या वारुळाची केली?"

दाभण थांबलं नाही. "झाली कुठंतरी."

"नाल्यावरच्या ऐनाखाली?"

आता थांबलं. राखीने चुलीपाशी मान वळवली.

"गाठ सोडाले लय वेळ लागला असेल ना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी दाभण पोत्यात खोचून ठेवलं आणि वेगळंच विचारलं.

"दुसरा दोर बांधते का ती? कोनत्या झाडाले?"

सकाळपासून मी चार माणसांशी बोललो होतो. सगळ्यांनी दोराचं विचारलं, गाठीचं विचारलं. झाडाचं कोणीच विचारलं नव्हतं.

"त्याच झाडाले," मी म्हटलं.

"माय वं." त्या उभ्याच राहिल्या. "ते झाड आतून पोकळ हाय, भय्याजी. पहाटे दूध घातलं तर सारं दूध मुळात गेलं आणि खोडाच्या दुसऱ्या अंगानं चिरेतून बाहेर आलं. हात मारून पाह्यला तर रिकाम्या कनगीवानी वाजलं. वाळवीनं सारं खाल्लं हाय त्याले. नुसतं साल उभं हाय."

"मग सांगायचं ना कोणाला तरी!"

"सांगतलं असतं तर तिनं तेही वारूळ खोदलं असतं. पावडर आनली असती. एक गेलं, दुसरं मी कसं जाऊ देऊ? मी म्हणलं, दोरच नसला तर आज कोनी उतरनार नाही. मंग सूरज आला की त्याले समजावून सांगीन. कापाचा दिवस नव्हता, म्हून बसून सोडला. दाभण कमरेलेच होतं."

"त्या दोरापायी अमरवर आळ आला आहे, विहीणबाई. हर्षा साहेबांपुढे त्याचं नाव घेणार आहे."

त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "त्या पोरावर? त्यानं काय केलं?"

"जेवणं व्हायच्या आत पोचू. साहेब येतीलच इथे जेवायला."

"ते नाही येत," राखी म्हणाली. "गोलू दोर न्यायला आला तेव्हा डबेही घेऊन गेला. नदीवरूनच सारे सरळ वर गेले. जेवण वरच करतो म्हणे."

मी हर्षाला फोन लावला. नाल्यावर फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी लावला. तोवर सुलोचनाबाई अनवाणीच अंगण ओलांडून गेल्या होत्या.

६

खालच्या वाटेने डोह जवळ पडतो. ती बाई माझ्या पुढे अशी चालली, की मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली. डोहापाशी पोचलो तेव्हा अमर कड्याकडे तोंड करून उभा होता. वर, पाण्याच्या कडेला, लाल हेल्मेट दिसत होतं. हर्षा. कमरेला दोर अडकवून, पाठ दरीकडे करून ती कड्याच्या टोकावर आली होती. मागे साहेब आणि पर्यटक रांगेने उभे होते.

मी ओरडलो. धबधब्याच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

"अमर," सुलोचनाबाईंनी त्याचा दंड धरला, "थांबव तिले. झाड पोकळ हाय."

अमरने त्यांच्याकडे पाहिलं, एकदाच. काहून, कसं, काही विचारलं नाही. गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि लांब, न तोडता वाजवली. त्यांच्यात लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांबायचं. कोणीही वाजवो, नवखा वाजवो की गाइड, आधी थांबायचं आणि मग विचारायचं. हा नियम हर्षानेच घालून दिला होता.

पण आज शिट्टी वाजवणारा तोच होता, ज्याने तिला थांबवण्यासाठी दोर सोडला असं ती धरून चालली होती. लाल हेल्मेट कड्यावर तसंच राहिलं. तिने खाली वाकून पाहिलं. मग तिने एक पाय वर घेतला, दुसरा घेतला, आणि आत कड्यावर जाऊन बसली.

आम्ही तिघे वर चढलो. मला धाप लागली होती. साहेबांनी कपाळाला आठी घातली होती, कारण अमरचं नाव त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

"आता काय, अमर?" हर्षाने विचारलं. "आणखी काय बाकी आहे?"

"मी सांगतो," मी म्हटलं, आणि सांगितलं. चाकू, कांदा, सब्बल, दाभण, सगळं. "हा दोर तुला त्रास द्यायला कोणी सोडला नाही, पोरी. या झाडावर कोणी लटकू नये म्हणून सोडला आहे. अमर यात कुठेच नाही."

हर्षाने सासूकडे पाहिलं. सुलोचनाबाई झाडाकडे पाहत होत्या.

"पोकळ आहे हे समजायचं कसं?" साहेब म्हणाले. "एक कुऱ्हाड मारून बघता येईल."

"आज नाही मारता येत," सुलोचनाबाई म्हणाल्या.

अमर पुढे झाला. त्याने नवा दोर हर्षाच्या कमरेपासून मोकळा केला, पण झाडाचे वेढे तसेच ठेवले. मोकळं टोक जीपच्या मागच्या हुकाला नेऊन बांधलं, वारुळाला धक्का लागणार नाही अशा बाजूने. सगळ्यांना मागे घेतलं आणि गोलूला म्हणाला, "हळू. मानसाचा भार पडते तितकाच. वरून थोडासा."

जीप एक हात पुढे सरकली असेल. दोर ताठ झाला. झाडाने काही मोठा आवाज केला नाही. बुंध्यापाशी साल सुटलं, आत लाल मातीच्या भेगा दिसल्या, आणि ऐन सबंधच्या सबंध आडवा झाला. आतून सुकी माती भसाभस गळत राहिली. लाकूड म्हणावं असं आत काही उरलंच नव्हतं. वारूळ जागच्या जागी होतं.

एका पर्यटक बाईने आपल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला होता.

मग हर्षा उठली. ती आधी अमरपाशी गेली, आणि साहेबांना ऐकू जाईल असं बोलली. "साहेब, मी या माणसाचं नाव घेतलं होतं. ते खोटं होतं. याने काही केलं नाही. काल यानेच मला थांबा म्हटलं होतं, तेही मी ऐकलं नाही. अमर, चुकलं माह्यं."

"ताई," अमर म्हणाला, "तुमी शिट्टी ऐकली. मी वाजवली तरी ऐकली. तेवढं पुरे मले."

साहेबांनी पडलेल्या खोडातली माती हातात घेऊन पाहिली. नंतर म्हणाले, की नाल्यातलं उतरणं यंदा बंद. पुढल्या वर्षी खडकात लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या तर पुन्हा बघू. नदी आणि तार चालू राहू द्या. तारेचा खांब आज ते स्वतः हात लावून बघणार होते. जाताना त्यांनी अमरला नाव विचारलं, पूर्ण नाव, आणि हात मिळवला.

हर्षा सासूपाशी आली तेव्हा मी उगाच दोर गुंडाळत होतो. मला दोर गुंडाळता येत नाही.

"आई," ती म्हणाली. "मले सांगाचं होतं ना."

"तू बोलत होती का माह्यासंग?"

"मी हे वारूळ खोदीन म्हून नाही सांगतलं?"

"हाव. तू खोदलंच असतं."

"खोदलं असतं," हर्षा म्हणाली. "मंग पूजा करून तशीच घरी जायचं होतं. दोर सोडत कायले बसली? हात पाहा कसे झाले."

सुलोचनाबाईंच्या बोटांच्या चामड्या निघाल्या होत्या. त्यांनी ते हात पदरात घेतले आणि रागानेच तिच्याकडे पाहिलं.

"रोज पयली कोन उतरते इथून?" त्या म्हणाल्या.

हर्षा सासूच्या गळ्यात पडून रडली, लहान पोरीसारखी. सुलोचनाबाईही रडल्या. मी डोळे पुसले आणि साहेबांना घेऊन जीपकडे गेलो.